व्हिगो मॉर्टेन्सन यांची चित्रे, छायाचित्रे, कविता आणि संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पाहून व्हिगो मॉर्टेन्सन यांच्याकडे वळलेल्या प्रेक्षकाला थोड्याच दिवसांत कळते की हे अभिनेते चित्रे काढतात, छायाचित्रे टिपतात, कविता लिहितात, पियानो वाजवतात आणि एक प्रकाशनसंस्थाही चालवतात. हे कळल्यावर काही जण भारावून जातात, तर काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. दोन्ही बाजूंचे प्रश्न मला अनेक वर्षे विचारले जात आहेत. मी त्यांच्या कामाचा चाहता आहे, पण सरसकट नाही, आणि ते का, हे या उत्तरांमधून स्पष्ट होईल अशी आशा आहे.

प्रश्न: अभिनयाखेरीज ते नेमके काय काय करतात?

मॉर्टेन्सन यांचा जन्म २० ऑक्टोबर १९५८ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील डॅनिश, आई अमेरिकन आणि बालपणातला मोठा काळ व्हेनेझुएला व अर्जेंटिनात गेलेला, त्यामुळे इंग्रजी, स्पॅनिश आणि डॅनिश या तिन्ही भाषांत ते सहज वावरतात. त्यांच्या पुस्तकांत आणि चित्रांत अनेक भाषांमधले शब्द एकमेकांशेजारी येतात ते यामुळेच. १९९३ पासून त्यांचे कवितासंग्रह आणि चित्रे-छायाचित्रांची पुस्तके निघत आली आहेत, १९९० च्या दशकापासून संगीताचे अल्बम आहेत, २००२ पासून प्रकाशनसंस्था आहे आणि २०२० पासून चित्रपट-दिग्दर्शनही आहे.

प्रश्न: प्रसिद्धी मिळाल्यावर हे सगळे सुचले, असे म्हणता येईल का?

नाही. हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा घेतला जातो आणि तोच सर्वांत कच्चा आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मालिकेतला पहिला चित्रपट ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ प्रदर्शित झाला डिसेंबर २००१ मध्ये, तर त्यांचा पहिला कवितासंग्रह ‘टेन लास्ट नाइट’ निघाला १९९३ मध्ये. ‘रीसेंट फोर्जरीज’ हे चित्रे, छायाचित्रे आणि लेखन एकत्र असलेले पुस्तक १९९८ चे आहे. त्या काळात मॉर्टेन्सन हे चेहऱ्याने ओळखीचे पण नावाने फारसे कोणाला ठाऊक नसलेले सहायक भूमिकांचे नट होते. त्या पुस्तकाची प्रस्तावना डेनिस हॉपर यांनी लिहिली. हॉपर स्वतः अभिनेते होते, पण १९६० च्या दशकात त्यांनी काढलेल्या छायाचित्रांना आज स्वतंत्र स्थान आहे. म्हणजे ज्याने हा संशय स्वतः झेलला होता, अशाच माणसाने पुढच्या पिढीतल्या एका नटाची पाठराखण केली.

मात्र तारखांनी सिद्ध होते ते एवढेच की काम आधीपासून चालू होते. ते काम चांगले आहे की नाही, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. कित्येक चाहते इथेच घाई करतात.

प्रश्न: ‘अ परफेक्ट मर्डर’मधली चित्रे खरोखर त्यांनीच काढली होती का?

होय. १९९८ च्या या चित्रपटात मायकल डग्लस आणि ग्विनेथ पॅल्ट्रो यांच्यासोबत मॉर्टेन्सन यांनी डेव्हिड शॉ नावाच्या चित्रकाराची भूमिका केली, आणि त्या पात्राच्या स्टुडिओत दिसणारी चित्रे मॉर्टेन्सन यांची स्वतःची आहेत. चित्रपट पुन्हा पाहण्याची संधी मिळाली तर संवादांकडे थोडे दुर्लक्ष करून मागच्या भिंतीकडे पाहावे. एरवी चित्रपटांतल्या चित्रकारांची चित्रे कला-विभागाने भिंत भरण्यासाठी रंगवलेली असतात आणि कॅमेरा त्यांच्यावर फार वेळ रेंगाळला की त्यांचा पोकळपणा उघडा पडतो. इथे तसे होत नाही. कुणीतरी या खोलीत खरोखर काम करत आहे, हे पाहणाऱ्याला जाणवते.

या उदाहरणाला आणखी एक पदर आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. कथेतला डेव्हिड शॉ हा श्रीमंत स्त्रियांना फसवणारा भामटा निघतो. म्हणजे पडद्यावरचा चित्रकार खोटा, पण त्याची चित्रे खरी आणि ती काढणारा मात्र प्रेक्षकांच्या लेखी ‘फक्त नट’. अभिनेत्याच्या कलेविषयी आपल्या मनात जो संशय असतो, तो सगळा या एका खोलीत एकवटलेला आहे.

प्रश्न: त्यांची चित्रे कशी असतात?

बहुतेक अमूर्त. रंगांच्या थरांवर छायाचित्रांचे तुकडे, दैनंदिनीतली पाने आणि स्वतःच्या कवितांच्या ओळी चिकटवलेल्या किंवा लिहिलेल्या असतात. काही ओळी वाचता येतात, काही रंगाखाली अर्ध्या बुडालेल्या असतात. या पद्धतीत एक धोका आहे, तो म्हणजे अक्षरे दिसली की पाहणारा चित्र पाहणे सोडून वाचू लागतो आणि रंगांनी जे करायचे ते शब्दांवर ढकलले जाते. काही चित्रांत मला हे घडलेले दिसते. जिथे शब्द जवळजवळ पुसले गेले आहेत, ती चित्रे जास्त टिकतात.

प्रश्न: आणि कविता?

कवितेच्या बाबतीत माझे मत चाहत्यांना आवडत नाही, तरी ते सांगणे भाग आहे. त्यांच्या कविता छोट्या, प्रासंगिक, बहुतेक मुक्तछंदात आणि दैनंदिनीच्या अंगाने जाणाऱ्या आहेत. एखादी आठवण, एखादे वाक्य, प्रवासातला एखादा क्षण त्या नेमका पकडतात, पण तो क्षण कवीला जितका जिवंत वाटतो तितका वाचणाऱ्यापर्यंत नेहमी पोहोचत नाही. आपल्याकडे अरुण कोलटकरांच्या रस्त्यावरच्या साध्या दृश्यांच्या कविता वाचून ज्याचा कान तयार झाला आहे, त्याला साधेपणा आणि सैलपणा यांतला फरक लगेच कळतो. मॉर्टेन्सन यांच्या कवितेत दोन्ही आहेत. चित्राशेजारी छापलेली कविता चालून जाते. पानावर एकटी उभी राहिली की तिच्या पायांत तेवढे बळ दिसत नाही.

प्रश्न: छायाचित्रांचे इतके कौतुक का होते? ते योग्य आहे का?

माझ्या मते योग्य आहे, आणि सगळ्या माध्यमांत त्यांचा हात इथेच सर्वांत मोकळा आहे.

उदाहरणादाखल ‘होल इन द सन’ हे २००२ चे पुस्तक घेऊ. या पुस्तकाचा विषय आहे घरामागचा एक पोहण्याचा तलाव. बस्स, एवढाच. प्रसिद्ध माणसे नाहीत, चित्रीकरणस्थळावरच्या गमती नाहीत, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ जिथे चित्रित झाला ते न्यूझीलंडचे डोंगर नाहीत. पाणी आणि त्यावर पडणारा उजेड आहे. ज्याला आपल्या प्रसिद्धीवर पुस्तक खपवायचे आहे, तो परसदारातल्या तलावाची पाने भरून छायाचित्रे छापणार नाही. ओळखीच्या एका चित्रकला-शिक्षिकेला मी त्यांची काही छायाचित्रे नाव न सांगता दाखवली होती. एका पाण्याच्या छायाचित्रावर त्या बराच वेळ थांबल्या, कागद उलटा धरून पाहिला, हे कापड आहे की पाणी असे विचारले आणि मग म्हणाल्या, की याला थांबून पाहता येते. नाव सांगितल्यावर त्यांना आश्चर्य वाटले, पण मत त्यांनी बदलले नाही. नंतर दाखवलेल्या चित्रांविषयी मात्र त्या साशंक राहिल्या, आणि तेही मत त्यांनी बदलले नाही.

‘४५३०१’ या २००३ च्या पुस्तकात मोरोक्को, क्यूबा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील मैदानी प्रदेशांतल्या प्रवासातली छायाचित्रे आहेत. त्याच वर्षीच्या ‘मियेलो’मध्ये लकोटा या मूळनिवासी अमेरिकन समाजाच्या ‘घोस्ट डान्स’ची लांबट, विस्तीर्ण चौकटीतली छायाचित्रे आहेत. ती ‘हिडाल्गो’ या चित्रपटाच्या निमित्ताने काढलेली आहेत. या पुस्तकाविषयीचा आक्षेप मला गंभीर वाटतो. घोस्ट डान्स हा काही लोकनृत्याचा प्रकार नव्हता. जमिनी गमावलेल्या, उपासमारीने गांजलेल्या लोकांची ती प्रार्थना होती, आणि तिची धास्ती घेतलेल्या सरकारने पाठवलेल्या सैन्याने २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी येथे स्त्रिया आणि मुलांसह शेकडो लकोटांना ठार मारले. अशा विधीचे चित्रपटासाठी केलेले पुनर्निर्माण एका बाहेरच्या कलावंताने टिपावे का, हा प्रश्न मूळनिवासी वाचकांनी विचारला तर तो बाजूला सारता येणार नाही. त्या छायाचित्रांत माणसे चेहऱ्यांपेक्षा हालचालीतच अधिक दिसतात. हा आदर आहे की अंतर, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

प्रश्न: बकेटहेड यांच्यासोबतचे संगीत ऐकण्याजोगे आहे का?

बकेटहेड हे डोक्यावर तळलेल्या कोंबडीची बादली आणि चेहऱ्यावर पांढरा मुखवटा घालून वाजवणारे विलक्षण ताकदीचे अमेरिकन गिटारवादक आहेत. २००० ते २००४ या काळात ते ‘गन्स अँड रोझेस’ या रॉक बँडमध्ये होते. मॉर्टेन्सन यांनी त्यांच्यासोबत अनेक अल्बम केले आहेत. ‘पँडेमोनियमफ्रॉमअमेरिका’ या २००३ च्या अल्बममध्ये एलायजा वूड, बिली बॉइड आणि डॉमिनिक मोनॅहन हे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधले सहकलाकारही आहेत.

हे संगीत चालीचे नाही. पियानो, गिटार, आवाजांचे तुकडे आणि म्हटलेल्या कविता असा त्याचा पोत आहे. गाणे म्हणजे मुखडा आणि अंतरा अशी अपेक्षा ठेवून बसलात तर पहिल्या दहा मिनिटांत उठाल. मला स्वतःला यातले थोडेच पुन्हा ऐकावेसे वाटते. पण २०१४ च्या ‘हाउहा’ या चित्रपटात, जिथे मॉर्टेन्सन यांनी मुख्य भूमिकाही केली आहे, या दोघांचे संगीत मोजक्या ठिकाणी येते आणि अर्जेंटिनाच्या त्या निर्मनुष्य भूप्रदेशावर ते चपखल बसते. या संगीताला दृश्याची सोबत लागते, असे माझे मत आहे.

प्रश्न: ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण इथे लागू होत नाही का?

ही म्हण संशय घेणाऱ्यांचा सर्वांत जुना आणि सर्वांत मजबूत आधार आहे, म्हणून तिच्याकडे नीट पाहायला हवे. ज्या चित्रकाराने वीस-पंचवीस वर्षे दुसरे काहीही न करता रंग घोटले आहेत, नोकरी सोडली आहे, भाड्याच्या खोलीत कॅनव्हास रचून ठेवले आहेत आणि एका प्रदर्शनासाठी गॅलरीचे उंबरठे झिजवले आहेत, त्याला एखाद्या नटाचे प्रदर्शन चटकन मांडले गेलेले पाहून वाईट वाटले, तर त्या भावनेला मत्सर म्हणणे अन्यायाचे आहे. गॅलरीची भिंत ठरावीक फुटांची असते. तिथे एकाचे चित्र लागले की दुसऱ्याचे लागत नाही. शिवाय बाजारात नावाची किंमत किती असते, याचे एक उदाहरण अगदी अलीकडचे आहे: २०२२ मध्ये जॉनी डेप यांनी काढलेल्या प्रसिद्ध व्यक्तींच्या चित्रांच्या ७८० मुद्रित प्रती काही तासांत सुमारे ३० लाख पौंडांना विकल्या गेल्या. तिथे गिऱ्हाइकांनी रेषेची किंमत मोजली की सहीची, हे प्रत्येकाने आपले आपण ठरवावे.

म्हणून मला वाटते की संशय घेणे हे पाहणाऱ्याचे कर्तव्यच आहे. फक्त तो संशय कामावर घ्यावा, माणसाच्या हक्कावर नको. ‘नटाने चित्र का काढावे?’ हा प्रश्न निरर्थक आहे, कारण चित्र काढायला परवाना लागत नाही. ‘हे चित्र या भिंतीवर नावाशिवाय लागले असते का?’ हा प्रश्न रास्त आहे आणि मॉर्टेन्सन यांच्या काही चित्रांच्या बाबतीत त्याचे उत्तर ‘नाही’ असे येते. त्यांच्या छायाचित्रांच्या बाबतीत ते बऱ्याचदा ‘हो’ असे येते.

म्हणीपुरते बोलायचे तर चिंध्या एकमेकींना शिवलेल्या असतील तर त्यांची गोधडी होते. मॉर्टेन्सन यांच्या बाबतीत कविता चित्रात जाते, चित्र पुस्तकात, पुस्तकातल्या ओळी अल्बममध्ये आणि अल्बममधला साथीदार चित्रपटाच्या संगीतात येतो. ही शिवण मला खरी वाटते. काही टाके मात्र सैल आहेत.

प्रश्न: पर्सिव्हल प्रेस ही काय संस्था आहे?

मॉर्टेन्सन यांनी क्युरेटर (कलाप्रदर्शनांची निवड-मांडणी करणाऱ्या) पिलार पेरेझ यांच्यासोबत २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका येथे सुरू केलेली छोटी प्रकाशनसंस्था. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधून मिळालेल्या पैशाचा काही भाग त्यांनी यात घातला. मोठ्या प्रकाशकांना जे परवडत नाही किंवा रुचत नाही, ते छापणे हा तिचा हेतू आहे.

ज्यांना मॉर्टेन्सन यांच्या चित्रांविषयी काहीही वाटत नाही, त्यांनीही या संस्थेची यादी पाहावी. इराकवरच्या अमेरिकी ताब्याविषयीचे ‘ट्वायलाइट ऑफ एम्पायर’ हे लेख आणि छायाचित्रांचे पुस्तक तिने २००३ मध्ये काढले. त्या वर्षी अमेरिकेत युद्धाविरुद्ध बोलणे एखाद्या लोकप्रिय नटाच्या फायद्याचे नव्हते. आइसलँडचे निसर्गचित्रकार गेऑर्ग गुद्नी यांच्या धूसर, क्षितिजापलीकडे विरघळत जाणाऱ्या चित्रांवरचे पुस्तक तिने काढले. अर्जेंटिनातल्या नव्या कवितेचा संग्रह काढला. या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर मॉर्टेन्सन यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये साकारलेल्या अ‍ॅरागॉर्नचा चेहरा नाही. वर ज्या भिंतीची गोष्ट केली, त्याच भिंतीवर आपल्या नावाच्या जोरावर दुसऱ्यांना जागा मिळवून देणे हे त्यांच्या सगळ्या उद्योगांतले मला सर्वांत मोलाचे काम वाटते.

प्रश्न: पण स्वतःची पुस्तके स्वतःच छापणे म्हणजे संपादकाला चकवणे नव्हे का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. परका संपादक असता तर काही संग्रह निम्म्या पानांचे झाले असते आणि त्यांचे भलेच झाले असते. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढण्यात मराठी वाचकाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या लघुनियतकालिकांच्या चळवळीत कवींनी हाताने सायक्लोस्टाइल करून अंक वाटले आणि त्यातूनच आपली आधुनिक कविता मोठी झाली. पण त्या कवींमध्ये एकमेकांना तोंडावर ‘हे जमलेले नाही’ असे सांगणारे मित्र होते. प्रसिद्ध माणसाच्या आसपास अशा मित्रांची संख्या कमी होत जाते. मॉर्टेन्सन यांच्या पुस्तकांत ही उणीव अधूनमधून जाणवते.

प्रश्न: मराठीत किंवा हिंदी चित्रसृष्टीत अशी उदाहरणे आहेत का?

आहेत, आणि ती पाहिल्यावर ‘जोडधंदा’ हा शब्दच किती फसवा आहे ते कळते. अमोल पालेकर यांचे शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात चित्रकलेचे झाले. बँकेतली नोकरी, रंगभूमी आणि ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’, ‘गोलमाल’ हे चित्रपट त्यानंतरचे. पुढे ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले तेव्हा काही प्रेक्षकांना वाटले की नटाला उतारवयात नवा छंद लागला. त्यांनी तर आपल्या मूळ घराचा दरवाजा उघडला होता. आपण ज्या क्रमाने एखाद्या माणसाला ओळखतो, तोच त्याच्या आयुष्याचा क्रम असे आपण गृहीत धरतो.

पु. ल. देशपांडे यांच्या बाबतीत मराठी माणसाने हा संशय जवळजवळ घेतलाच नाही. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ची कथा, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका हे सगळे त्यांचे, आणि ‘सबकुछ पु. ल.’ हा शब्दप्रयोग आपण कौतुकानेच रुजवला. त्यांची पेटी ऐकून कुणी ‘लेखकाने पेटी का वाजवावी’ असे विचारले नाही, कारण बोटे सुरात होती.

प्रश्न: त्यांच्या दिग्दर्शनाचा या सगळ्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. ‘फॉलिंग’ हा २०२० चा चित्रपट त्यांनी लिहिला, दिग्दर्शित केला, त्यात भूमिका केली आणि त्याचे संगीतही दिले. स्मृती हरवत चाललेला, तोंडाने अत्यंत कडवट बाप आणि त्याला सांभाळू पाहणारा मुलगा यांची ती कथा आहे. बापाच्या भूमिकेत लान्स हेनरिक्सन यांनी केलेले काम अंगावर येते. २०२३ च्या ‘द डेड डोन्ट हर्ट’मध्येही लेखन, दिग्दर्शन आणि संगीत त्यांचेच आहे. ‘फॉलिंग’मध्ये आठवणींचे तुकडे ज्या पद्धतीने मध्येच येतात, पाणी, गवत आणि उजेड यांवर दृश्य जसे क्षणभर थांबते, ते पाहिल्यावर पंचवीसहून अधिक वर्षे पुस्तकांतून चाललेला सराव इथे कामी आला हे लक्षात येते. कवितेत जो सैलपणा खटकतो, तो इथे कथेच्या चौकटीने आवरला आहे.

प्रश्न: सुरुवात कुठून करावी? ही पुस्तके हाताशी नाहीत.

पुस्तके नसतील तरी एक गोष्ट बहुतेकांच्या घरी आधीच आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिसऱ्या चित्रपटात, ‘द रिटर्न ऑफ द किंग’मध्ये, शेवटाकडे अ‍ॅरागॉर्नचा राज्याभिषेक होतो. मुकुट चढतो, वरून पांढऱ्या पाकळ्या झरत असतात आणि अ‍ॅरागॉर्न काही ओळी गातो. शब्द मूळ कादंबरीचे लेखक टॉल्किन यांच्या कल्पित भाषेतले आहेत. चाल मॉर्टेन्सन यांनी स्वतः बांधलेली आहे. ११ ऑस्कर मिळवलेल्या त्या चित्रपटाच्या अवाढव्य वाद्यवृंदात ती मोजून काही सेकंदांची आहे. राजाने गर्जना करावी अशा जागी ते खालच्या पट्टीत, जवळजवळ स्वतःशीच गातात. तेवढा भाग डोळे मिटून दोनदा ऐकावा.